व्याही शुक्रवारीच आले!

"या खेपेला आपल्या घरची तोयची मेजवानी ठरल्या वेळेला सुरू होणार म्हणजे होणार! सहा म्हणजे सहा! सहावर एक मिनिट गेलं तर नाव बदलीन!"

असं म्हणून दारखाननं टेबलावर मूठ आपटली. टेबलावर आईनं बाउर्साक तळण्यासाठी मळलेल्या पिठाचा गोळा होता. मूठ त्यात मनगटापर्यंत रुतली.

"आपट, आणखी आपट," आई शांतपणे म्हणाली. "नाहीतरी तिंबायचं राहिलंच होतं."

दारखानला चिडायला एरवी कारण लागत नसे. अल्माटीतल्या एका कंपनीत तो वेबसाइटी बनवायचा आणि दिवसभर कॉम्प्युटरला शिव्या घालायचा. पण या वेळी कारण होतं, आणि चांगलं सज्जड होतं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, मोल्दिरचं, लग्न तराझच्या एका घरात ठरलं होतं. वसंतात मुलाकडची मंडळी लग्न पक्कं करायच्या रीतीप्रमाणे तिच्या कानात कानातले घालायला आली. अकराला येतो म्हणाली होती, अकराला दारात हजर! आणि मुलीकडचे? व्याही टेबलाशी बसले, घोड्याच्या मांसाच्या चकत्या निवल्या, त्यांच्यावरची चरबी गोठली, चहा तीनदा गरम झाला. पण घरातल्या थोरल्या माणसानं आशीर्वाद दिल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, आणि ते थोरलं माणूस, म्हणजे आईचे भाऊ तोक्तारमामा, दीड वाजेपर्यंत उगवलंच नाही! आणि उगवलं ते फक्त फोनवर, हसत हसत!

"अरे, माझं घड्याळ अजून जुन्याच वेळेवर आहे," मामा म्हणाले.

अल्माटीची घड्याळं तासभर मागं घेतली त्याला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मामा ही सबब तेव्हापासून वापरत होते.

"मामा! जुन्या वेळेनं निघाला असतात तर तासभर आधी पोचला असतात!" दारखान किंचाळला. "मागं घेतली घड्याळं, मागं!"

"तेच म्हणतोय मी. गोंधळ होतो माणसाचा."

मुलाची आजी, उल्झान आपा, हे सगळं ऐकत होती. वय पंचाहत्तर, पाठ बांबूसारखी ताठ, आणि तिच्या शब्दापुढं तराझच्या त्या घरात कुणी ब्र काढत नसे. तिनं मोल्दिरच्या कानात कानातले घातले, तिचा गाल कुरवाळला आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरगी गोड आहे. पण अडीच तास ताटकळत बसायची सवय आमच्या घराला नाही. पाठवणीच्या तोयला पुन्हा असंच झालं, तर हे कानातले काढून घ्यायला मला अडीच मिनिटं लागायची नाहीत."

मोल्दिर त्या दिवसापासून धड जेवली नव्हती. मेइरखानवर तिचा जीव होता, आणि आपा बोलल्याप्रमाणे करते हे मेइरखाननंच तिला सांगितलं होतं. तो बिचारा तिकडे दूर अतिराउला तेलाच्या विहिरींवर पाळ्या करत होता आणि थेट तोयच्या दिवशी सकाळी विमानानं यायचा होता.

"दादा," मोल्दिर म्हणाली, "माझ्यासाठी एक करशील? काहीही करू नकोस. मामांना मी स्वतः जाऊन गाडीत घालून आणते."

"एकट्या मामांनी भागत नाही! आपलं अख्खं खानदान तसलंच आहे! तू बघच!"

मग त्यानं त्याची योजना सांगितली. गेल्या चार वर्षांत घरच्या सतरा तोयांना कोण किती उशिरा आलं, याची दारखाननं कॉम्प्युटरवर नोंद ठेवली होती. रागानं, पण काटेकोर! तोक्तारमामा सरासरी तीन तास. कुल्याश आत्या दोन. चुलतभाऊ अल्माबेक चार, आणि तोही जेवूनच यायचा! अशी एकूण दहा घरं. आता कागदी पत्रिका कुणी वाटत नाही, प्रत्येक घराला फोनवर लिंक जाते. तर दारखान प्रत्येक घराला वेगळी वेळ दाखवणार होता! तीन तास उशीर करणाऱ्या मामांच्या आमंत्रणावर दुपारचे तीन. आत्याच्या आमंत्रणावर चार. ज्याचा जितका उशीर, तितकी वेळ अलीकडे ओढायची. म्हणजे सगळे आपापल्या परीनं उशीर करत करत बरोबर सहाला हॉलमध्ये! आणि व्याही? ते वेळेचे पक्के. त्यांना वजाबाकी शून्य. त्यांना खरे सहा!

"हे पाप आहे," आई म्हणाली.

"हे गणित आहे!" दारखान म्हणाला.

ऑफिसात बसून त्यानं एका दुपारी ते काम उरकलं. शनिवार, संध्याकाळचे सहा, अशी एक तारीख प्रोग्रामात मांडली. मग यादीतलं एकेक घर घ्यायचं, तारखेला 'सेट अवर्स' असा हुकूम सोडायचा, की तारखेच्या पोटातलं घड्याळ सांगू तितकं मागं जातं. जी वेळ येईल ती त्या घराच्या आमंत्रणावर छापायची. यादीत पहिले मामा, मग आत्या, मग बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी, मानानं, व्याही.

समोरच्या टेबलावर स्वेता पाक बसायची. डब्यातलं तिखटजाळ गाजर खाता खाता तिनं विचारलं, "दर घराला तारखेची नवीन प्रत काढून घेतलीस ना?"

झालं! दारखानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अकरा वर्षं! अकरा वर्षं हेच करतोय मी! मला तारीख शिकवतेस?"

"विचारलं फक्त."

"विचारूसुद्धा नकोस!"

स्वेतानं खांदे उडवले आणि ती गाजराकडे वळली. दारखाननं मामांचं आमंत्रण उघडून बघितलं. शनिवार, दुपारी तीन. बिनचूक! त्यानं सगळ्या लिंका पाठवून दिल्या आणि लॅपटॉप फाटकन मिटला. तरी खबरदारी म्हणून मुलाच्या वडिलांना, तुरार व्याह्यांना, फोन लावला.

"आमंत्रण पोचलं ना? किती वाजता दिसतंय?"

"सहा," तुरार म्हणाले.

"शाब्बास!" असं दारखान व्याह्यांना म्हणून गेला. मग जीभ चावून म्हणाला, "म्हणजे, छान. सहालाच या."

"आम्ही कधी सहाचे सव्वासहा केलेत का?" तुरार म्हणाले.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी घरात बाउर्साकची तिसरी परात तळून झाली होती. मोल्दिर उद्याचा पोशाख अंगाला लावून बघत होती, आणि दारखान पाय पसरून चहा पीत आईला सांगत होता की नातेवाईकांना वळण लावायला अक्कल लागते, हात जोडून काही होत नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या फोनवर तुरार व्याह्यांचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला. मागं ढोल, ताशे, माणसांचा गलबला.

"दारखान बाळा, आम्ही हॉलवर पोचलो. सहाच्या ठोक्याला! स्वागत असं झालंय की काय सांगू! आपाला अगदी वरच्या मानाच्या जागी बसवलंय. फक्त तुमच्यातलं ओळखीचं एकही तोंड दिसेना. तुम्ही कुठं राहिलात? आपा विचारतेय."

दारखाननं तो निरोप दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकायची हिंमत झाली नाही.

"आज कोणता वार?" त्यानं विचारलं.

"शुक्रवार," मोल्दिर म्हणाली. तिच्या हातातला पोशाख गळून खाली पडला. "दादा, काय केलंस तू?"

"मी काही केलं नाही! कॉम्प्युटरनं केलं!"

तो अनवाणीच जिन्याकडे धावला, परत आला, बूट शोधले, आईचे सापडले, ते फेकून दिले, आणि शेवटी स्वतःच्या चपला घालून गाडीत बसला. अल्माटीतली शुक्रवार संध्याकाळची गर्दी! प्रत्येक सिग्नलला तो भोंगा असा वाजवत होता की शेजारच्या गाडीतला म्हातारा काच खाली करून म्हणाला, "बाळा, बाळंतीण आहे का गाडीत?"

"नाही! व्याही आहेत हॉलमध्ये!"

म्हाताऱ्यानं लगेच गाडी बाजूला घेतली आणि त्याला वाट करून दिली.

गाडी चालवता चालवता त्यानं स्वेताला फोन लावला. ती अजून ऑफिसातच होती. दोन मिनिटं तिच्याकडून नुसता खटखट आवाज आला, आणि मग हसू.

"हसू नकोस!"

"बरं, नाही हसत. ऐक. तू प्रत्येक घराला वेगळं घड्याळ दिलंच नाहीस. एकच घड्याळ हातोहात फिरवलंस. मामांनी काटा तीन तास मागं ढकलला आणि तसंच ते आत्याच्या हातात दिलं. आत्यानं तिथून आणखी दोन तास ढकलला. तिला चार नव्हे, दुपारचा एक दिसतोय. पुढच्यानं तिथून पुढं. कुणी काटा जागेवर आणलाच नाही."

"मग व्याह्यांना शून्य होतं ना!"

"शून्यच ढकलला त्यांनी. पण त्यांच्या हातात येईपर्यंत तुझ्या नातेवाइकांचा सगळा मिळून चोवीस तास उशीर झाला होता. बरोबर चोवीस. म्हणून त्यांना सहाच दिसले, फक्त आदल्या दिवसाचे."

दारखाननं स्टिअरिंगवर डोकं आपटलं.

"आणि मधे कुठंतरी," स्वेता म्हणाली, "रात्रीच्या दोनातून चार वजा झालेत. म्हणजे तू तारखेला उणे दोन वाजवायला सांगितलेस."

"उणे दोन? आणि तिनं वाजवले?"

"वाजवले की. आदल्या रात्रीचे दहा करून टाकले."

"एक शब्द बोलली नाही? 'अहो, उणे दोन कसे वाजतील,' असं एकदा तरी? मामासुद्धा काहीतरी सबब देतात! ही मुकाट्यानं ऐकते, तोंडावर हो म्हणते, आणि वारच बदलते!"

"प्रत काढलीस का विचारलं होतं मी," स्वेता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. शहाणी बाई. पुढचं ऐकण्यासारखं नव्हतं.

हॉलच्या दारावर फुलांची कमान होती आणि कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'ओराझ्बेक आगा, साठीच्या शुभेच्छा!' आत दीडशे माणसं. ओराझ्बेक आगा म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले स्टेशनमास्तर, आणि पाहुणे म्हणजे सगळं रेल्वेखातं. सिग्नलवाले, गार्ड, तिकीट तपासनीस, सहकुटुंब. आणि मधोमध, मानाच्या टेबलावर, स्टेशनमास्तरांच्या उजव्या हाताला, उल्झान आपा! तिच्यापुढं मानाचं म्हणून उकडलेल्या मेंढीचं अख्खं डोकं ठेवलेलं. शेजारी तुरार, त्यांची बायको, आणखी तिघं. सगळे घाम पुसत जेवत होते. दारात पाहुणा आला तर तू कोण, कुणाकडचा, असं विचारायची आपल्याकडं पद्धतच नाही. त्यात पाहुणी पंचाहत्तरीची आणि ताठ पाठीची. स्टेशनमास्तरांच्या बायकोला वाटलं, ही नवऱ्याकडची कुणीतरी. स्टेशनमास्तरांना वाटलं, बायकोकडची.

दारखान टेबलापाशी पोचला. आपानं त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. चपलांवर नजर थोडी जास्त थांबली.

"आलास? तासभर झाला आम्हाला येऊन."

बोलायची हीच वेळ होती. आपा, चूक झाली, आजचा वार चुकला, तोय उद्या आहे. एवढं एकच वाक्य! पण त्या वाक्यातली 'चूक' आपाच्या कानात शिरली की मोल्दिरच्या कानातले गेले, हे त्याला समोर दिसत होतं. तेवढ्यात तुरार खुशीत म्हणाले, "आम्ही काय समजलो सांगू? मेइरखान म्हणाला तोय शनिवारी, आणि आमंत्रणावर बघतो तो शुक्रवार! आपाच म्हणाली, 'अरे, ही रीत आहे. बाहेरगावच्या व्याह्यांना आदल्या संध्याकाळी बोलावून वेगळं जेवण घालायचं. आताशा कुणी पाळत नाही. या घरानं पाळली!'"

"आणि सहाला ताट!" आपा म्हणाली. "सहा वाजून चार मिनिटांनी माझ्यापुढं ताट होतं. मी तुमच्याविषयी वाईट बोलले वसंतात. मागं घेते."

दारखानचं तोंड उघडलं. त्यातून बाहेर पडलं ते असं, "मी... मी स्वयंपाकघरात होतो, आपा. मांस शिजलंय का बघत होतो."

"आणि हे यजमान कोण तुमचे?" आपानं स्टेशनमास्तरांकडे बोट दाखवलं.

"हे... आमचे थोरले काका. साठीही त्यांचीच आहे आज."

स्टेशनमास्तरांनी भुवया वर केल्या. दारखाननं त्यांचा दंड धरला आणि त्यांना खांबाआड ओढत नेलं. तिथं त्यानं सगळं सांगितलं. बहीण, कानातले, तारीख, चोवीस तास. 

ओराझ्बेक आगांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चाळीस वर्षं रुळांवर काढलेला माणूस.

"म्हणजे तुझी गाडी चोवीस तास आधी सुटली," ते म्हणाले.

"हो, आगा."

"माझ्या नोकरीत एकदाही झालं नाही असं. बरं, ठीक आहे. साठाव्या वर्षी पुतण्या झाला म्हणायचं. पोरीचं नाव काय? मोल्दिर? चल."

आणि ते खरोखरच काका झाले. उत्तम काका! टेबलाशी जाऊन त्यांनी लहानपणच्या मोल्दिरच्या दोन आठवणीसुद्धा सांगितल्या. दारखान थक्क होऊन ऐकत राहिला. एक आठवण तर इतकी चांगली होती की ती आपल्याच घरी घडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

इथं थांबलं असतं तर या गोष्टीत सांगण्यासारखं फार नव्हतं. पण सूत्रसंचालकानं वयोवृद्ध पाहुणीच्या हातात माइक दिला. आपा उठली. ढोल थांबले.

"मी खूप तोय पाहिल्या," आपा म्हणाली. "पण इतके वेळेवर येणारे, इतके शिस्तीत बसणारे सोयरे मी जन्मात पाहिले नाहीत. आजपासून तुम्ही सगळे माझे सोयरे. उद्या संध्याकाळी सहाला, याच हॉलमध्ये, आपल्या पोरीची पाठवणी आहे. झाडून सगळ्यांनी यायचं! जो येणार नाही त्याच्यावर माझा राग!"

दीडशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही कळलं नव्हतं, पण म्हातारं माणूस इतक्या मायेनं बोलावतंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? दारखान मनातल्या मनात खुर्च्या मोजत होता. हॉलमध्ये खुर्च्या दीडशे. उद्या घरचे नातेवाईकही दीडशे!

त्यानं आईला फोन करून सगळं सांगितलं. आईनं एक सुस्कारा सोडला आणि शुक्रवारची उरलेली संध्याकाळ ती दहा घरांना फोन करत बसली. कारण त्या आमंत्रणांवर आता कुणाला दुपारचा एक, कुणाला पहाटेचे चार आणि अल्माबेकला आज रात्रीचे दहा वाजल्याचं तिला कळलं होतं.

"अगं, काही बिघडत नाही," कुल्याश आत्या म्हणाली. "मी कुठं वाचलंय ते?"

"खरे सहा वाजता या. उद्या, शनिवारी. खरे सहा!" आई प्रत्येकाला बजावत होती.

"सहा? बरं बरं," सगळे म्हणाले. तोक्तारमामाही म्हणाले. म्हणजे मामांच्या हिशेबी नऊ! दारखाननं इतक्या मेहनतीनं काढलेले तीन तास आईनं एका फोनमध्ये परत देऊन टाकले. तो भयंकर भडकला. आणि आईवर भडकून उपयोग काय? तिनं खरं तेच सांगितलं होतं.

शनिवार. संध्याकाळी पाच वाजून पंचावन्न मिनिटं. हॉलमध्ये मोल्दिर लाल पोशाखात, पांढऱ्या ओठांनी उभी. मेइरखान अतिराउहून येऊन पोचलेला. आपा मानाच्या जागी, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत. आणि घरचं माणूस? आई, दारखान आणि मोल्दिर. बाकी दीडशे रिकाम्या खुर्च्या, प्रत्येकीपुढं नावाची चिठ्ठी!

पाच अठ्ठावन्नला दार उघडलं आणि रेल्वेखातं आत आलं. ओळीनं, जोडीजोडीनं, बायकांच्या हातात फुलं आणि मिठाया. पुढं ओराझ्बेक आगा.

"बसू कुठं?" त्यांनी हळूच विचारलं.

दारखाननं खुर्च्यांकडे पाहिलं. तोक्तारमामांची चिठ्ठी समोरच होती. मग त्यानं आपाकडे पाहिलं. आपा घड्याळाकडे पाहत होती. पाच एकोणसाठ.

"बसा!" तो दात-ओठ खात म्हणाला. "कुठंही बसा! सगळीकडे बसा! ज्यांना यायचं होतं ते आले असते वेळेवर!"

आणि त्यानं स्वतःच्या हातानं चिठ्ठ्या गोळा करून खिशात कोंबल्या. मामांची सुद्धा. सहाच्या ठोक्याला ढोल वाजले. ओराझ्बेक आगांनी थोरले काका म्हणून तळवे वर करून आशीर्वाद दिला, आणि सहा वाजून तीन मिनिटांनी ताटं आली. आपानं मोल्दिरला जवळ ओढून कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाली, "तुझी माणसं खरी. आता तू माझी." मोल्दिरच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी रंग आला. दारखाननं ते पाहिलं आणि त्याचा चोवीस तासांचा राग एकदम निवला. त्यानं पहिल्यांदाच खुर्चीत पाठ टेकली.

आठ वाजून दहा मिनिटांनी दार पुन्हा उघडलं.

कुल्याश आत्या, अल्माबेक, त्याची बायको, त्यांच्या मागं चुलते, चुलत्या, पोरंबाळं, सगळं खानदान! आणि सगळ्यांच्या पुढं खांद्यावर गुंडाळलेला भलामोठा गालिचा घेऊन तोक्तारमामा. तास आधी, त्यांच्या मानानं! भाचीसाठी खास लवकर निघाले होते. दारात उभे राहून ते भरलेल्या हॉलकडे, अनोळखी तोंडांकडे पाहत राहिले.

ढोल थांबले. आपानं मान वळवली.

"ही एवढी माणसं कोण?" तिनं विचारलं. "दोन तास उशिरा?"

सगळा हॉल दारखानकडे पाहू लागला. मोल्दिर पाहत होती. तिनं एकच गोष्ट केली, डोळे मिटून घेतले.

"माहीत नाही, आपा," दारखान म्हणाला. आवाज सगळीकडे पोचला. "चुकून आलेले दिसतात."

तोक्तारमामांचा खांदा जरासा खाली आला. गालिच्याच्या वजनानं असेल. त्यांनी दारखानकडे पाहिलं, मग मोल्दिरकडे, मग मानाच्या जागी बसलेल्या, कानातले काढून घेणाऱ्या म्हातारीकडे. आत्या फणकारून काहीतरी बोलणार होती. मामांनी तिचं मनगट धरलं. सतरा तोयांमध्ये जे माणूस एकदाही वेळेवर पोचलं नव्हतं, त्याला हे मात्र तिथल्या तिथं समजलं.

"हो हो, चुकून आलो," मामा म्हणाले. "माफ करा. जातो आम्ही."

"चुकून आले म्हणून काय झालं?" आपा कडाडली. "आलेल्या पाहुण्याला दारातून परत धाडता? टेबलं लावा!"

मग कोट टांगायच्या जागेपाशी, दाराच्या वाऱ्यात, जादा टेबलं लागली. दारखानच्या अख्ख्या खानदानाला तिथं खेटून बसवलं. मोल्दिरचे मामा, ज्यांच्या आशीर्वादाशिवाय घरात ताटाला हात लागत नसे, ते छत्र्यांच्या शेजारी बसून उरलेलं निवलेलं मांस खाऊ लागले. दारखाननं ताट बाजूला सारलं. राग आला होता खरा, पण तो कुणाचा ते त्याला कळत होतं, आणि त्या माणसावर ओरडायची सोय नव्हती.

तेवढ्यात सूत्रसंचालकाला विनोद सुचला. "आता चुकून आलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी नवरीला दोन शब्द!" तो म्हणाला आणि माइक थेट तोक्तारमामांच्या हातात दिला.

मामा उठले.  त्यांनी तळवे वर केले आणि घरच्या जुन्या शब्दांत, सावकाश, लांबलचक आशीर्वाद दिला. वाट सरळ असू दे, चूल थंड न होऊ दे, दारात माणसांची ये-जा राहू दे. मोल्दिरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती पहिल्यांदा चालली त्या दिवसापासून हा आवाज तिला ठाऊक होता. मामांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग माइक खाली ठेवता ठेवता पुन्हा उचलला.

"मी काही या लोकांना ओळखत नाही," ते म्हणाले. "पण मुलगी फार गुणाची दिसते. तिची आईही मोठ्या मनाची दिसते. भाऊ मात्र," आणि इथं त्यांनी दारखानकडे नीट, सावकाश पाहिलं, "भाऊ मात्र एक नंबरचा गाढव दिसतो."

हॉल हसून हसून लोळला. सगळ्यात मोठ्यानं रेल्वेवाले हसले. उल्झान आपा मात्र हसली नाही. तिनं कौतुकानं मान हलवली आणि दारखानकडे झुकून म्हणाली, "ओळख ना पाळख, पण माणसाची पारख बघ किती!"

"हो, आपा," दारखान म्हणाला. आणि उठून, चहाची किटली घेऊन, छत्र्यांच्या शेजारच्या टेबलाकडे गेला.